उन्हाळी, पांढरे पाणी आणि आपले आतले विरजण



या सदराकडे येणाऱ्या काही पत्रांच्या शेवटी एकच ओळ असते आणि ती दोनदा अधोरेखित केलेली असते: ‘कृपया नाव छापू नये.’ अशी पत्रे मी बाजूला ठेवते. या खेपेला तीन पत्रे एकापाठोपाठ वाचली आणि लक्षात आले, की तिघींची दुखणी वेगळी वाटली तरी मूळ एकाच ठिकाणी आहे. म्हणून तिघींना मिळून आज उत्तर देते. नावगाव अर्थातच देत नाही.

पहिली एकोणतीस वर्षांची आहे. लग्नाला चार वर्षे झाली. वर्षातून चार-पाच वेळा उन्हाळी लागते. लघवीला आग होते, घाई होते आणि पाच मिनिटांनी पुन्हा जावेसे वाटते. दर वेळी औषधाच्या दुकानात मागच्या वेळचीच गोळी मागून आणायची, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या. गोळ्या संपल्या की आठवड्याभरात खाज सुटते आणि दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जाते. त्यात अजून दिवस राहिलेले नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘तुझ्या अंगातच उष्णता आहे, त्यात कुठलं मूल ठरतंय!’

दुसरी दोन मुलांची आई आहे. तिला वासाचा त्रास आहे. पातळ, करडसर पाणी जाते आणि पाळीनंतर व संबंधानंतर मासळीसारखा वास येतो. ‘दिवसातून दोनदा जंतुनाशक औषध पाण्यात घालून आतून धुते, तरी जात नाही हो ताई,’ असे ती लिहिते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जातो आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा येतो. यजमान आता वेगळ्या खोलीत झोपतात. पत्रातले हे वाक्य इतके बारीक अक्षरात लिहिले होते की मला चष्मा लावावा लागला.

तिसरे पत्र एका सुनेचे आहे. बासष्ट वर्षांच्या सासूबाईंना वर्षभरात सहा वेळा लघवीचा संसर्ग झाला. साखर नाही, मुतखडा नाही, सगळे तपासून झाले. मग हे होते का?

आता उत्तराकडे वळू. त्यासाठी आधी थोडे स्वयंपाकघरात जाऊ या.

दुधाला आपण विरजण लावतो तेव्हा काय होते? विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि त्याचे आम्ल करतात. त्या आंबटपणामुळे दूध दाटते आणि दुसरे उपद्रवी जंतू तिथे सहसा वाढू शकत नाहीत. दूध बाहेर राहिले तर नासते, दही मात्र टिकते ते यामुळेच. आपल्या योनिमार्गात निसर्गाने नेमकी हीच व्यवस्था केलेली आहे. वयात आल्यावर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. त्याच्यामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक साठा, जमतो. अस्तराच्या पेशी झडतात तशी ही साखर तिथे मोकळी होते आणि तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू वाढतात. तेही दह्यासारखेच लॅक्टिक आम्ल करतात. आम्लपणा मोजायच्या पट्टीवर शुद्ध पाण्याचा आकडा ७ असतो आणि जितका आकडा खाली, तितका आंबटपणा जास्त. निरोगी तरुण स्त्रीच्या योनिमार्गात हा आकडा साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे जवळजवळ दह्याइतकाच आंबट!

हे काही कालपरवाचे ज्ञान नाही. आल्बर्ट डोडरलाइन नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ सालीच या आम्ल करणाऱ्या जंतूंचे वर्णन केले होते. पण पुढची शंभर वर्षे वैद्यकाचे सगळे लक्ष रोग करणाऱ्या जंतूंकडे लागले आणि राखण करणाऱ्या या जंतूंकडे फारसे कुणी पाहिले नाही. जंतू काचेच्या बशीत वाढवूनच ओळखायचे असत, आणि कितीतरी जंतू बशीत वाढतच नाहीत. अलीकडे जंतूंचा आनुवंशिक मजकूर थेट वाचता येऊ लागला, तेव्हा चित्र पालटले. आपल्या अंगावर आणि अंगात राहणाऱ्या सगळ्या सूक्ष्म जीवांच्या वस्तीला ‘मायक्रोबायोम’ म्हणतात. मी तिला आतली वसाहत म्हणेन. २०११ साली झाक राव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९६ निरोगी स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना पाच प्रकारच्या वसाहती आढळल्या. चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचे राज्य होते. पाचव्या प्रकारात लॅक्टोबॅसिलस थोडे आणि इतर जंतू भरपूर. आणि गंमत अशी, की या पाचव्या प्रकारातल्या बायकांचीही काही तक्रार नव्हती. म्हणजे सगळ्या निरोगी बायकांचे विरजण एकसारखे असते असे नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

तसेच, अंगावरून थोडे पांढरे जाणे हा मुळात रोगच नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट, पारदर्शक पाणी जाते. गरोदरपणी ते वाढते. वास नाही, खाज नाही, रंग नाही, तर त्याने ‘शक्ती जाते’, ‘हाडे झिजतात’ हे सगळे खोटे आहे. आपल्याकडे या भीतीवर कितीतरी चूर्णांचा धंदा चालतो.

आता पहिल्या बहिणीकडे येते. उन्हाळी लागली की आपण म्हणतो उष्णता झाली. उन्हात फिरून पाणी कमी प्यायले, तर लघवी दाट होऊन आग होते हे खरे. पण वारंवार होणारी आग, घाई आणि गढूळ लघवी ही बहुधा जंतूंची करणी असते. दहापैकी सात-आठ वेळा हा जंतू इ. कोलाय असतो. तो मूळचा आपल्या आतड्यातला. शौचाच्या जागेपासून योनिमार्गापर्यंत आणि तिथून लघवीच्या नळीत असा त्याचा प्रवास होतो. पुरुषाची ही नळी सुमारे वीस सेंटिमीटर असते, आपली जेमतेम चार. म्हणून हे दुखणे बायकांच्या वाट्याला जास्त. पण वाटेत योनिमार्गाचा आंबट पहारा असतो. तो शाबूत असला तर इ. कोलायला तिथे तळ ठोकता येत नाही. पहारा उठला की रस्ता मोकळा.

आता बघा हं, दुकानातून आणलेल्या त्या गोळ्यांनी काय होते. प्रतिजैविक गोळीला शत्रू आणि राखणदार यांतला फरक कळतोच असे नाही. पुष्कळ गोळ्या इ. कोलायबरोबर लॅक्टोबॅसिलसही मारतात. रान मोकळे झाले की कॅन्डिडा नावाची बुरशी उगवते. तिला गोळीचा काहीच उपद्रव नसतो, कारण ती जंतू नव्हे. दह्याच्या कवड्यांसारखे जाणे आणि खाज ही तिचीच खूण. म्हणजे या बहिणीला वाटते तशी ही दोन वेगळी दुखणी नाहीत. त्यात अर्धवट डोस घेतला की जे इ. कोलाय वाचतात ते त्या गोळीला सरावतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी लागू पडेनाशी होते. डब्यात उरलेल्या गोळ्या आज फेकून द्याव्यात. वारंवार त्रास होणाऱ्या बाईने गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीची ‘कल्चर’ तपासणी करून घ्यावी. कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडेल हे तीत कळते. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. आग फार असेल तर नमुना देऊन झाल्यावर डॉक्टर औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर वाटल्यास बदलतात. सोबत साखरही तपासावी. मधुमेह दडलेला असेल तर बुरशी आणि लघवीचा संसर्ग दोन्ही पुन्हापुन्हा होतात.

पण याची दुसरी बाजूही आहे. मूत्राशयातली लघवी पूर्ण निर्जंतुक असते असे डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या ॲलन वुल्फ, लिंडा ब्रुबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून दाखवून दिले, की तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या मूत्राशयातही जंतूंची लहानशी वसाहत असते. तेव्हा अहवालात जंतू दिसले म्हणजे रोग झालाच असे नाही. काहीही त्रास नसताना केवळ कागदावर जंतू दिसले म्हणून औषध घेऊ नये. गरोदर बाई मात्र याला अपवाद आहे. तिला त्रास नसला तरी लघवीतले जंतू मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका जास्त असतो, म्हणून पहिल्या महिन्यांतच तपासणी आणि जंतू सापडले तर औषध हे ठरलेले आहे.

पाण्याबद्दल आपल्या आज्ज्या सांगत आल्या ते मात्र खरे ठरले. बल्गेरियात १४० बायकांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. या बायका मुळात दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी वगैरे पीत आणि त्यांना वारंवार संसर्ग होई. निम्म्यांना दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात ज्यांनी नेहमीसारखेच पाणी घेतले त्यांना सरासरी ३.२ वेळा त्रास झाला, जास्त पाणी पिणाऱ्यांना १.७ वेळा. जवळजवळ निम्मा! धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी, वाळ्याचे पाणी यांतून पोटात पाणीच जाते, तेव्हा ती जरूर घ्यावीत. फक्त ताप भरला असताना त्यांच्यावर विसंबून बसू नये.

पण बायका पाणी पीत का नाहीत हे कुणी विचारते का? मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळी घोटभर चहा घेऊन निघालेली बाई दुपारी घरी पोहोचेपर्यंत पाण्याला शिवत नाही, कारण शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही. आम्ही शिक्षिकाच असे करतो, तर आठवी-नववीच्या मुली काय करत असतील! बँकेत, कचेरीत, एस.टी.च्या प्रवासात, लग्नाच्या कार्यालयात हेच. सहा-सहा तास लघवी तुंबवून ठेवायची आणि मग उष्णतेला दोष द्यायचा. शाळेत पालकसभा होते तेव्हा पटांगणाच्या फरशीवर तासभर चर्चा होते. आयांनी एकदा संडासाच्या कडीचा विषय काढून पाहावा.

आता दुसरे पत्र. या दुखण्याला ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ असे लांबलचक नाव आहे. १९५५ साली हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स या दोघांनी अमेरिकेत त्याचे वर्णन केले, आणि त्यातल्या एका जंतूला पुढे गार्डनरेला हेच नाव पडले. पण हा एका जंतूचा रोग नव्हे. लॅक्टोबॅसिलस कमी झाले, आंबटपणा साडेचाराच्या वर गेला, की हवेशिवाय जगणारे अनेक प्रकारचे जंतू एकदम माजतात. मासळीसारखा वास त्यांचाच. रक्त आणि वीर्य दोन्ही आंबट नसतात, म्हणून पाळीनंतर आणि संबंधानंतर तो वास वाढतो.

तेव्हा बाई, आतून धुणे आधी बंद करा. जंतुनाशक औषध, तुरटीचे पाणी, साबण, सुवासिक द्रव, लिंबू, काहीही आत जाता कामा नये. दह्यात सोडा घालून पाहा काय होते ते! प्रत्येक धुण्याने उरलेसुरले विरजण वाहून जाते, दुसऱ्या दिवशी वास वाढतो आणि आपण आणखी जोराने धुतो. योनिमार्ग स्वतःला आतून साफ ठेवतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे, आणि शौचानंतर हात पुढून मागे न्यावा, उलट नव्हे. मुलींना लहानपणीच ही सवय लावावी. गर्भ राहू नये म्हणून वापरायची शुक्राणुनाशक मलमेही लॅक्टोबॅसिलसला मारक ठरतात आणि लघवीचा संसर्ग वाढवतात. त्यांच्याऐवजी दुसरे साधन डॉक्टरांना विचारावे.

औषधाने जाऊन रोग पुन्हा येतो हे तुमच्या एकट्या बाबतीत नाही. नेहमीच्या गोळ्यांनी बऱ्या झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षाच्या आत तो पुन्हा होतो. याचे एक मोठे कारण अगदी हल्ली पक्के झाले, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर प्रयोग झाला आणि २०२५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जोडप्यांत फक्त बायकोला औषध दिले. उरलेल्यांत नवऱ्यालाही सात दिवस पोटात गोळ्या आणि बाहेरून लावायला मलम दिले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातल्या शंभरांतल्या ६३ जणींना रोग परतला, दुसऱ्या गटात ३५ जणींना. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला. याआधी नवऱ्यांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या तेव्हा उपयोग झाला नव्हता. हे जंतू पुरुषाच्या त्वचेवरही राहतात आणि तिथे मलमच लागते, असा त्याचा अर्थ.

याचा अर्थ नवरा वाकड्या वाटेने गेला असा मात्र कुणी लावू नये, आणि बायकोवरही कुणी संशय घेऊ नये. एकमेकांशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या जोडप्यांतच हा प्रयोग झाला होता. जंतू दोघांत फिरत राहतात, त्याला त्यांचा स्वभाव कारणीभूत नाही. पण इतकी वर्षे औषध एकटीने घ्यायचे, पथ्य एकटीने पाळायचे आणि वास येतो म्हणून वेगळी खोलीही तिनेच सोसायची, हे काही बरोबर नाही. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे जाताना यजमानांना बरोबर न्या. ते आत यायला लाजत असतील तर बाहेर बसू देत, पण बसू देत. नवऱ्याच्या औषधाचे तुम्हीच विचारा, कारण नवे ज्ञान गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचायला वेळ लागतो.

हा वास निव्वळ लाजेचा विषय नाही. विरजण मोडलेले असताना लैंगिक संबंधातून येणारे रोग, एड्सचा विषाणूसुद्धा, लवकर शिरकाव करतात. जंतू वर चढून गर्भाशयाला आणि नळ्यांना सूज येऊ शकते. गरोदरपणी अवेळी बाळंतपणाचा धोका वाढतो. आणि एक नवलाची गोष्ट सांगते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले, ते २०१७ साली छापून आले. इ. कोलाय मूत्राशयाच्या अस्तरात दडून राहतात, लघवीत दिसतही नाहीत. अशा उंदरांच्या मूत्राशयात थोडा वेळ गार्डनरेला सोडला, तर तो स्वतः निघून गेला, पण जाताना अस्तर खरवडून झोपलेल्या इ. कोलायला जागे करून गेला. माणसांत अगदी असेच होते हे सिद्ध व्हायचे आहे. तरी पांढरे पाणी आणि उन्हाळी एकाच बाईला आलटून पालटून का होते, याचा थोडा उलगडा यातून होतो.

तिसऱ्या पत्रातल्या सासूबाईंचे उत्तर सोपे आहे, आणि म्हणूनच ते त्यांना इतक्या दिवसांत कुणी दिले नाही याचे वाईट वाटते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटते. साखरेचा साठा आटतो, लॅक्टोबॅसिलस उपाशी मरतात, आंबटपणा जातो, अस्तर पातळ होते. जागा कोरडी पडते आणि आतड्यातल्या जंतूंना वाट मिळते. राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी १९९३ साली पाळी गेलेल्या ९३ बायकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना इस्ट्रोजेनच्या जातीचे मलम योनिमार्गात लावायला दिले, काहींना औषध नसलेले तसेच दिसणारे मलम. औषधी मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी अर्ध्या वेळी, म्हणजे दोन वर्षांतून एकदा, संसर्ग झाला. दुसऱ्या गटात वर्षाला जवळजवळ सहा वेळा! औषधी मलमाच्या गटातल्या दहापैकी सहा जणींचे लॅक्टोबॅसिलस परत आले, दुसऱ्या गटात एकीचेही नाही. हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर तो आधी सांगायचा. ‘या वयात तिथे कसलं मलम लावायचं!’ असे सासूबाई म्हणतील. तुम्ही सूनबाई, तुम्हीच त्यांना समजावा. मुलगा काही हे बोलणार नाही.

आता दह्याबद्दल विचाराल. ताक-दही खुशाल खा, पोटाला चांगले. पण आपल्या दह्यातले जंतू आणि योनिमार्गातले जंतू चुलत भाऊ आहेत, सख्खे नव्हेत. दही खाल्ल्याने हा रोग जातो असे सिद्ध झालेले नाही. आणि दही आत लावायचा सल्ला कुणी देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. योनिमार्गातलाच खरा जंतू, लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, वाढवून त्याची पूड गोळ्यांच्या उपचारानंतर आत ठेवण्याचा प्रयोग अमेरिकेत २२८ बायकांवर झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत रोग परतण्याचे प्रमाण शंभरी ४५ वरून ३० वर आले. बरे आहे, पण जादू नाही. दुकानात ‘प्रोबायोटिक’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत हाच जंतू असतो असे नाही, तेव्हा त्यांच्यावर महिन्याचे पैसे घालवण्याआधी विचार करावा.

पहिल्या बहिणीच्या मनातला खरा प्रश्न मी विसरलेले नाही. दिवस राहत नाहीत ते यामुळे का? उन्हाळीमुळे मूल होत नाही असे नाही. बुरशीमुळेही नाही. वासाचा तो रोग मूल न होणाऱ्या बायकांत जास्त आढळतो, पण त्याच्या एकट्याच्या माथी दोष मारता येत नाही. नळ्यांना सूज आली असेल तर मात्र कारण सापडते, आणि आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो. याची तपासणी व्हायला हवी, आणि पहिली, स्वस्तातली तपासणी यजमानांच्या वीर्याची. ती एका दिवसात होते. ती होईपर्यंत सुनेच्या अंगातल्या उष्णतेवर कुणी बोलू नये.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० बायका तपासून एक निबंध ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाची काही ना काही बाधा होती. आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८! आपण शहरात राहतो, दवाखाना दोन रस्ते सोडून आहे. तरी पत्राखाली ‘नाव छापू नये’ लिहिताना आपण त्या ९२ मध्येच असतो.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, लघवीत रक्त यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा डाग, किंवा रक्तमिश्रित घाण पाणी जात असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी लांबवू नका. तिथे विरजणाचा हिशेब नंतर.

शेवटी कल्चरसाठी लघवी कशी द्यायची ते लिहिते, कारण पुष्कळ अहवाल इथेच बिघडतात. गोळी सुरू करण्याआधी, सकाळची लघवी घ्यावी. हात धुवावेत, बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवावा. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत धरावी, शेवटची पुन्हा सोडावी. घरची लोणच्याची बरणी कितीही उकळली तरी चालत नाही. बाटली दोन तासांच्या आत पोहोचवावी, नाही जमले तर फ्रिजमध्ये ठेवावी. पाळी चालू असेल तर प्रयोगशाळेत तसे सांगावे. आणि फ्रिजमध्ये ठेवाल तेव्हा कागदात गुंडाळून वर नाव लिहा, घरात लहान मुले असतात.